घरगुती संगणकीय ध्वनिमुद्रणातील तालवाद्यांचा ट्रॅक : निर्मितिप्रक्रिया, उपयोग आणि मर्यादा
(कोल्हार परिसरातील तालपरंपरेच्या संदर्भात)

बीजसंज्ञा : ताल, ठेका, आवर्तन, मिडी, ध्वनिनमुना, लय, संबळ, हलगी, ढोलकी.

प्रस्तावना :

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राहाता तालुक्यातील कोल्हार हे प्रवरा नदीच्या काठी आणि नगर-मनमाड मार्गावर वसलेले गाव आहे. येथील भगवतीमातेचे मंदिर हे पंचक्रोशीचे श्रद्धास्थान आहे. याच प्रवरेच्या काठी नेवासे येथे 'ज्ञानेश्वरी' सांगितली गेली. साईबाबांची शिर्डी याच महामार्गावर आहे आणि गंगागिरी महाराजांच्या परंपरेतील अखंड हरिनाम सप्ताहाचे मूळ स्थान असलेले सराला बेटही याच भागात आहे. अशा परिसरात वर्षभर कोणत्या ना कोणत्या निमित्ताने तालवाद्ये वाजत असतात. भजन-कीर्तनात पखवाज व टाळ, देवीच्या गोंधळात संबळ, खंडोबाच्या जागरणात दिमडी, मिरवणुकीत हलगी व ढोल-ताशा आणि तमाशाच्या फडावर ढोलकी अशी प्रत्येक विधीची व रंजनप्रकाराची स्वतंत्र तालओळख येथे आढळते.

एकेकाळी गीत ध्वनिमुद्रित करावयाचे म्हणजे पुण्या-मुंबईचा स्टुडिओ गाठावा लागे. संगणक, ध्वनिकार्ड आणि मुद्रणाच्या सॉफ्टवेअरच्या किमती आवाक्यात आल्यानंतर ही प्रक्रिया घरातील एका खोलीत होऊ लागली. गायकाचा आवाज आणि पेटी घरी मुद्रित करणे तुलनेने सोपे आहे. खरी अडचण तालवाद्यांची असते, कारण ती मोठ्या आवाजाची असतात, त्यांना खोली मानवत नाही आणि वादक प्रत्येक वेळी उपलब्ध होतोच असे नाही. त्यामुळे तालवाद्यांचा ट्रॅक संगणकावरच तयार करण्याकडे कल वाढला. ही सोय आहे. मात्र ती डोळे झाकून स्वीकारल्यास ज्या मातीतून गीत उगवते त्या मातीचा ताल त्यातून नाहीसा होण्याचा धोकाही आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :

1) संगणकावर तालवाद्यांचा ट्रॅक कसा तयार होतो हे तांत्रिकदृष्ट्या स्पष्ट करणे.
2) भारतीय ताल संगणकीय चौकटीत बसविण्याची पद्धत उदाहरणासह मांडणे.
3) स्थानिक वाद्यांचे ध्वनिनमुने घरच्या घरी तयार करण्याच्या शक्यता तपासणे.
4) या तंत्राच्या मर्यादा आणि वादक कलावंतांच्या हक्कांचा प्रश्न अधोरेखित करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

यंत्राद्वारे ताल वाजविण्याच्या इतिहासात 1980 हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी अमेरिकेत रॉजर लिन यांचे 'एलएम-1' हे यंत्र आले. त्यात खऱ्या वाद्यांचे मुद्रित आवाज साठविलेले होते. त्याच वर्षी जपानच्या रोलँड कंपनीने 'टीआर-808' हे यंत्र काढले. त्यातील आवाज मुद्रित नव्हते, तर विद्युतमंडलातून निर्माण केलेले होते. मुद्रित नमुना आणि कृत्रिम नाद ही त्या वेळची विभागणी संगणकीय तालनिर्मितीत अद्यापही कायम आहे.

भारतीय संगीतानेही या यंत्रांची लगेच दखल घेतली. हिंदी चित्रपटसृष्टीच्या वाद्यवृंदात काम करणारे मुंबईचे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' या ध्वनिमुद्रिकेत हेच 'टीआर-808' यंत्र वापरून रागांना यांत्रिक तालाची साथ दिली. त्या काळी दुर्लक्षित राहिलेली ही ध्वनिमुद्रिका 2010 मध्ये पुन्हा प्रकाशित झाली आणि जगभर चर्चेचा विषय ठरली.

पुढे 1983 मध्ये 'मिडी' ही सर्व कंपन्यांनी मान्य केलेली संकेतपद्धती आली आणि निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये व संगणक एकमेकांशी 'बोलू' लागले. 1991 च्या 'जनरल मिडी' या प्रमाणकाने कोणत्या क्रमांकाला कोणते वाद्य असावे हे निश्चित केले. 1996 मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने 'व्हीएसटी' हे तंत्र आणले आणि वाद्य हे वेगळे यंत्र न राहता संगणकातील एक सॉफ्टवेअर बनले. आज 'हायड्रोजन' व 'एलएमएमएस' यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. म्हणजेच एकेकाळी काही लाखांचा असलेला खर्च एका साध्या संगणकापुरता मर्यादित झाला आहे.

तालट्रॅक तयार करण्याच्या तीन पद्धती :

अ) तयार आवर्तनांचा वापर : वादकाने वाजविलेला ठेका मुद्रित करून त्याचा नेमका एक तुकडा पुन:पुन्हा वाजविणे म्हणजे 'लूप'. यात वादकाचा हात टिकून राहतो. मात्र गीतानुसार बदल करण्यास वाव कमी असतो. लूपची मूळ लय व पट्टी यांच्यापासून फार दूर गेल्यास आवाज ताणल्यासारखा किंवा दबल्यासारखा वाटू लागतो.

ब) मिडी व ध्वनिनमुने : या पद्धतीत मिडी स्वत: आवाज साठवत नाही. कोणता आघात, कोणत्या क्षणी आणि किती जोराने, एवढीच नोंद तो ठेवतो. या नोंदीनुसार संगणक साठविलेले नमुने वाजवितो. आघाताचा जोर 1 ते 127 या अंकांत मोजला जातो. त्यामुळे लय, बोल आणि जोर केव्हाही बदलता येतात.

क) प्रत्यक्ष वादन : वादकाला मायक्रोफोनसमोर बसवून संपूर्ण गीत मुद्रित करणे. ही सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत जिवंत पद्धत होय.

व्यवहारात या तिन्हींचे मिश्रण करणे इष्ट ठरते. पाया संगणकावर रचावा आणि किमान एक वाद्य, मग ते टाळ, दिमडी किंवा ढोलकी असो, प्रत्यक्ष वाजवून घ्यावे. एका खऱ्या हातामुळे उर्वरित यांत्रिक भागही सुसह्य होतो.

केरव्याचे उदाहरण :

भजन, भावगीत व लोकगीत यांत केरवा हा आठ मात्रांचा ताल सर्वाधिक आढळतो. त्याचा प्रचलित ठेका 'धा गे ना ती । ना क धी ना' असा आहे. बहुतेक सॉफ्टवेअर उघडताच चार ठोक्यांची पाश्चात्त्य चौकट समोर येते. केरव्याच्या दोन मात्रा एका ठोक्यात धरल्या तर आठ मात्रा या चौकटीत अचूक बसतात.

गीताची लय मिनिटाला 100 ठोके असल्यास एक ठोका 600 मिलिसेकंदांचा, एक मात्रा 300 मिलिसेकंदांची आणि एक आवर्तन 2.4 सेकंदांचे होते. चार मिनिटांच्या गीतात अशी बरोबर 100 आवर्तने येतात. हा आकडा नवोदिताने ध्यानात ठेवावा. एकच आवर्तन 100 वेळा चिकटविल्यास ऐकणाऱ्याचा कान दहाव्या आवर्तनालाच कंटाळतो.

बोलांची मांडणी करताना एक गोष्ट मूलभूत आहे. 'धा' हा एक आघात नसून दायाँवरील 'ना' आणि बायाँवरील 'गे' यांचा संयोग आहे. म्हणून 'धा'चा एकच नमुना वापरण्यापेक्षा दोन स्वतंत्र नमुने एकाच क्षणी वाजवावेत. त्यामुळे बायाँचा जोर कमी-अधिक करता येतो. ठेक्याकडे नीट पाहिल्यास असे दिसते की 'धा' व 'गे' यांत बायाँ घुमतो, 'ना'नंतर येणाऱ्या 'ती', 'ना', 'क' या मात्रांत तो घुमत नाही आणि 'धी'वर तो पुन्हा परततो. भरी आणि खाली यांचा हा खेळ म्हणजेच केरव्याचा डौल होय. ज्यांना तबल्याची ओळख नाही असे मुद्रक प्रत्येक मात्रेवर खर्जाचा आघात भरतात आणि ठेका जड व आंधळा होतो.

आघातांचा जोरही समान नसावा. उदाहरणादाखल समेवरील 'धा' 110, 'गे' 75, 'ना' 92, 'ती' 84, पुढील 'ना' 90, 'क' 58, 'धी' 96 आणि शेवटचा 'ना' 80 अशा अंकांपासून आरंभ करून कानाने दुरुस्ती करावी.

दादऱ्याच्या सहा मात्रांसाठी सहाची, रूपकाच्या सातांसाठी सातची आणि झपतालाच्या दहांसाठी पाचची चौकट निवडावी लागते. ही निवड प्रारंभीच केली नाही तर सम आणि संगणकाच्या पडद्यावरील रेषा यांचा मेळ राहत नाही आणि पुढील सर्व जुळणी बिघडते.

गीताची रचना आणि तालाचा आलेख :

ठेका तयार झाल्यावर गीताचे मुखडा, अंतरा, मधले संगीत आणि शेवट असे भाग पाडावेत. मुखड्यात साधा ठेका, अंतऱ्यात किंचित हलका हात आणि मुखड्याकडे परतताना उठाण ही साथीची रूढ रीत संगणकावरही पाळावी. दर चौथ्या आवर्तनात एखादा बोल बदलावा, आठव्या आवर्तनात छोटा तुकडा द्यावा. लग्गी कोठे सुरू करावयाची आणि तिहाई कोणत्या मात्रेवरून उचलावयाची हे कागदावर लिहून मगच संगणकाकडे वळावे. समेवर न येणारी तिहाई यंत्राला समजत नाही. ती माणसालाच मोजावी लागते.

लयीचा प्रश्न : यंत्राची लय आणि भजनाची लय

वारकरी भजनाची लय स्थिर नसते. अभंग संथ उचलला जातो, टाळकरी रंगतात तशी लय चढते आणि शेवटी गजरात ती शिगेला पोहोचते. ही चढती लय म्हणजे वादकांची चूक नव्हे. तो त्या गायनाचा प्राण आहे. संगणक मात्र सांगितलेली लय शेवटपर्यंत तशीच ठेवतो. घड्याळाच्या ठोक्यावर म्हटलेले भजन सुरात असूनही निर्जीव वाटते, त्याचे कारण येथे सापडते.

यावर उपाय आहे. प्रथम गायक आणि टाळकरी यांना कोणत्याही यांत्रिक ठोक्याविना एकत्र मुद्रित करावे. त्यानंतर प्रत्येक आवर्तनाची सम संगणकावर चिन्हांकित करावी. बहुतेक सॉफ्टवेअर या खुणांवरून लयीचा नकाशा तयार करतात आणि मिडीतील ताल त्या नकाशामागे चालू लागतो. येथे यंत्र गायकाला हाकत नाही, तर गायक यंत्राला हाकतो. या कामास वेळ लागतो. परंतु भजन व गोंधळ यांसाठी तोच योग्य मार्ग आहे.

मानवी स्पर्श :

संगणकावर आघात रेषेवर अचूक बसविण्याची सोय असते. ती पूर्ण क्षमतेने वापरल्यास वादन ताठर होते. त्यावर तोडगा म्हणून सॉफ्टवेअरमध्ये आघात यादृच्छिकपणे मागेपुढे करण्याची कळ दिलेली असते. परंतु माणसाच्या हातातील विचलन निव्वळ यादृच्छिक नसते. होल्गर हेनिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की मानवी वादनातील सूक्ष्म चुका एकमेकींशी दीर्घकाळ संबंधित असतात आणि श्रोत्यांनाही यादृच्छिक विचलनापेक्षा अशा प्रकारचे विचलन अधिक भावते. साध्या शब्दांत सांगावयाचे तर वादक क्षणभर पुढे गेला की काही काळ पुढेच राहतो आणि मग सावकाश परततो. म्हणून कळ दाबण्यापेक्षा मिडी कीबोर्डवर किंवा पॅडवर बोटांनी ठेका वाजवून तो नोंदविणे अधिक चांगले.

बोटांनी वाजविताना आवाज उशिरा ऐकू येऊ नये यासाठी संगणकाचा बफर कमी ठेवावा. 44,100 नमुने प्रतिसेकंद या दराने 256 नमुन्यांचा बफर सुमारे 5.8 मिलिसेकंदांचा विलंब निर्माण करतो. 1024 नमुन्यांचा बफर असल्यास तो सुमारे 23 मिलिसेकंद होतो आणि हात अडखळू लागतो. मुद्रण संपवून मिश्रण करताना बफर पुन्हा वाढविण्यास हरकत नाही.

स्थानिक वाद्यांचे नमुने :

जनरल मिडीच्या 1991 च्या मूळ यादीत 105 व्या क्रमांकावर सतार आणि 112 व्या क्रमांकावर शहनाई आहे. तालवाद्यांच्या भागात 47 आवाज आहेत आणि त्यांत लॅटिन अमेरिकेतील बोंगो, कोंगा, टिंबाली यांना स्थान मिळाले आहे. मात्र तबला, पखवाज, ढोलकी यांपैकी एकही वाद्य तेथे नाही. संबळ व हलगी यांचा तर प्रश्नच नाही. तबला-ढोलकीचे नमुने नंतरच्या काळात काही कंपन्यांनी उपलब्ध केले. पण गावच्या संबळाचा किंवा हलगीचा नाद हवा असेल तर तो गावातच मुद्रित करणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

त्यासाठी महागडी खोली आवश्यक नाही. महामार्गाची व ट्रॅक्टरची वर्दळ थांबल्यावर रात्री उशिरा काम करावे. भिंतींवर गोधड्या टांगाव्यात. धान्याची भरलेली पोतीही नाद चांगला शोषतात. पंखा बंद ठेवावा. वीज खंडित होऊन काम वाया जाऊ नये म्हणून संगणकाला यूपीएस जोडावा. संबळ व हलगी यांचा आघात तीव्र असल्याने मायक्रोफोन हातभर तरी दूर ठेवावा आणि मुद्रणाची पातळी कमाल मर्यादेच्या 12 डेसिबल खाली राखावी. डिजिटल मुद्रणात मर्यादा ओलांडलेला आघात तुटतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही.

प्रत्येक बोल हळू, मध्यम, जोरकस आणि अतिजोरकस अशा चार पातळ्यांवर आणि प्रत्येक पातळीवर चार वेळा वाजवून घ्यावा. हे चार नमुने आळीपाळीने वाजले की 'मशीनगन'सारखा एकसुरी परिणाम टळतो. दहा बोल धरल्यास 160 नमुने होतात. प्रत्येकी दीड सेकंद आणि 24 बिट एकमार्गी मुद्रण गृहीत धरल्यास हा सर्व संग्रह केवळ 32 एमबीच्या आसपास जातो. म्हणजे एका वाद्याचा नाद जपण्यासाठी लागणारी जागा नगण्य आहे. अभाव असतो तो केवळ प्रयत्नांचा.

शाईची वाद्ये गायकाच्या पट्टीत असणे अनिवार्य असते. काळी चारच्या गायकाला काळी एकच्या तबल्याची साथ संगणकावरही खटकते. नमुन्याचा वेग बदलून पट्टी चढविली तर नाद आखूड होतो आणि एक-दोन अर्धस्वरांपलीकडे तो कृत्रिम वाटू लागतो. म्हणून शक्य असल्यास वाद्य दोन-तीन पट्ट्यांत लावून स्वतंत्र नमुने घ्यावेत. बायाँवर किंवा ढोलकीच्या धुमेवर हात घासून काढलेला चढता-उतरता नाद मात्र सुट्या नमुन्यांतून नीटसा उभा राहत नाही. तेथे खऱ्या वादकाला पर्याय नाही.

मिश्रण :

तालट्रॅकचे मिश्रण करताना गायकाचा शब्द हा केंद्रस्थानी असावा. टाळाच्या ट्रॅकमधील खालच्या कंप्रता काढून टाकाव्यात, म्हणजे पखवाजाच्या खर्जाला जागा मिळते. टाळ एका बाजूस, दिमडी दुसऱ्या बाजूस आणि खर्जाची वाद्ये मध्यभागी ठेवावीत. ग्रामीण श्रोता गीत बहुधा मोबाईलवर ऐकतो आणि मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून खोल खर्ज उमटत नाही. म्हणून अंतिम मिश्रण हेडफोन, मोठा स्पीकर आणि मोबाईल या तिन्हींवर तपासावे. मोबाईलवर ठेकाच हरवत असेल तर खर्ज वाढविण्याऐवजी त्याच्या वरच्या नादाला, म्हणजे कातड्यावरील बोटाच्या आघाताला उठाव द्यावा.

वादक कलावंत आणि कायदा :

या तंत्राचा सर्वांत नाजूक भाग आर्थिक व नैतिक आहे. संबळ, हलगी, ढोलकी ही वाद्ये वाजविणारे अनेक कलावंत पिढीजात वादक असून त्यांची उपजीविका सुपारीवर अवलंबून असते. एकदा नमुने मुद्रित झाले की त्यांच्याच हाताचा आवाज शेकडो गीतांत, त्यांना न बोलावता वापरता येतो. कॉपीराइट अधिनियम 1957 मध्ये 1994 च्या दुरुस्तीने सादरकर्त्या कलावंताचे हक्क (कलम 38) समाविष्ट झाले आणि पुढे त्यांची मुदत 50 वर्षे करण्यात आली. 2012 च्या दुरुस्तीने हे हक्क अधिक बळकट झाले. त्यामुळे वादकाची लेखी संमती, नमुने कशासाठी वापरले जाणार याचा स्पष्ट उल्लेख, योग्य मानधन आणि श्रेयनामावलीत नाव या चार बाबी घरगुती मुद्रकानेही पाळाव्यात. इतरांचे लूप वापरतानाही त्यांचा परवाना वाचणे आवश्यक आहे.

येथे मराठी चित्रपटसंगीताचा दाखला बोलका आहे. अजय-अतुल यांना 'जोगवा' या चित्रपटाच्या संगीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सैराट'च्या (2016) संगीतासाठी त्यांनी लॉस एंजेलिस येथे सिंफनी वाद्यवृंदाचे मुद्रण केले. लोकताल आणि आधुनिक तंत्र परस्परविरोधी नाहीत, हे या संगीताने दाखवून दिले. संगणकाची सर्व साधने हाताशी असतानाही प्रत्यक्ष वादकांवर केलेला खर्च ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतो.

निष्कर्ष :

1) घरगुती संगणकावर दर्जेदार तालट्रॅक तयार करणे आज अल्प खर्चात शक्य आहे, मात्र त्यासाठी सॉफ्टवेअरच्या माहितीपेक्षा तालाचे ज्ञान अधिक आवश्यक आहे.
2) भरी-खाली, आघाताचा जोर आणि आवर्तनांतील वैविध्य यांकडे लक्ष दिल्यास यांत्रिकपणा बराच कमी होतो.
3) चढत्या लयीच्या भजनासारख्या प्रकारांत स्थिर ठोका टाळून गायनावर आधारित लयीचा नकाशा तयार करावा.
4) आंतरराष्ट्रीय प्रमाणकात स्थान नसलेल्या संबळ, हलगी, दिमडी यांचे नमुने स्थानिक पातळीवर, वादकांच्या संमतीने व मोबदला देऊन मुद्रित होणे गरजेचे आहे.
5) महाविद्यालयांतील संगीत, संगणकशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्रितपणे असा संग्रह उभारल्यास तो अध्यापन आणि जतन या दोन्ही दृष्टींनी उपयुक्त ठरेल.

समारोप :

संगणक हा उत्तम साथीदार आहे. तो थकत नाही, चुकत नाही आणि बैठक सोडून उठत नाही. परंतु गायकाने डोळ्यांनी केलेली खूण त्याला कळत नाही आणि गजर रंगला म्हणून त्याचा हात आपोआप चढत नाही. प्रवराकाठच्या गावांत ज्या बोटांनी आणि ज्या काड्यांनी हा ताल आजवर सांभाळला, त्यांना बाजूला सारण्यासाठी नव्हे, तर त्यांचा नाद अधिक कानांपर्यंत पोहोचविण्यासाठी या साधनाचा उपयोग झाला, तरच ते खऱ्या अर्थाने आपले झाले असे म्हणता येईल.